जुन्या व्हॅनची पाच चाकं

आमच्या व्हॅनने आमच्याआधी मासळी वाहिली होती, हे ती घेतल्यावर तिसऱ्या दिवशी कळलं. दुपारचं ऊन चढलं, पत्रा तापला आणि आतून असा काही वास सुटला, की माझी नणंद गाडी बाजूला लावून ओढणीने नाक धरून बसली. विकणारा म्हणाला होता, घरगुती वापराची गाडी आहे. आम्ही दोघींनी दोन रविवार लिंबाची सालं, सोडा आणि कढत पाणी घेऊन ती आतून घासली. वास गेला. पण मासळीच्या टोपल्यांमधलं खारं पाणी वर्षानुवर्षं खाली गळत राहिलं होतं, ते कुठे कुठे मुरलं असेल याचा विचार तेव्हा आमच्या डोक्यात आला नाही.

मी तेव्हा शेहेचाळीस वर्षांची होते आणि माझी नोकरी जाऊन सहा महिने झाले होते. वसई पूर्वेच्या एका लहान कारखान्यात मी अठरा वर्षं तपासणीच्या टेबलावर बसले. तिथे पंपात बसणाऱ्या पोलादी कड्या बनायच्या. मशीनवरून कड्या माझ्याकडे यायच्या, मी त्या मोजायची. बरोबर असतील त्या एका ट्रेमध्ये, चुकलेल्या दुसऱ्या. माझं हत्यार म्हणजे व्हर्नियर, दोन जबड्यांची मोजपट्टी. केसाएवढा फरक असला तरी ती सांगते. ज्या साहेबांनी मला ती धरायला शिकवली, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "बाई, वस्तू बसते आणि वस्तू बसवता येते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हातोडी असली की सगळंच बसवता येतं."

मग कारखाना गुजरातला गेला. मशीनं ट्रकवर चढली. आम्हाला नारळ आणि शाल मिळाली आणि साहेबांनी मी रोज वापरत होते तो व्हर्नियर माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "घेऊन जा. याला तुमच्या हाताची सवय आहे." घरी आणून मी तो कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिला. खरं सांगायचं तर मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. अठरा वर्षं जे शिकले ते आता कुणालाच नको आहे, असं वाटायचं. दुसरीकडे नोकरीला विचारायला गेले, तर समोरचे माझं वय ऐकून पाणी विचारायचे आणि कळवतो म्हणायचे.

नणंदेने मला त्यातून ओढून काढलं. ती माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान, माणिकपूरला राहते, गाडी तरुणपणापासून चालवते. एक दिवस आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "वहिनी, तुझ्या कारखान्याच्या आसपास इतके गाळे आहेत. तिथली माणसं दुपारी काय खातात गं?"

"वडापाव. नाहीतर चहा-बिस्किट."

"मग आपण त्यांना जेवण देऊ. तू शिजव, मी गाडी चालवते."

तुळिंजला आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर एक खोली भाड्याने मिळाली. तिथे आमचं स्वयंपाकघर सुरू झालं. साडेअकराला व्हॅन भरायची. वरणाचा टोप, भाताचे दोन टोप, भाजी, चपात्यांच्या पेट्या, ताकाचा कॅन. सगळं चढलं की गाडी मागून अशी खाली बसायची, जशी एखादी बाई दमून पाटावर बसते. साधारण नव्वद माणसं जेवायची. दोन वर्षं त्या व्हॅनने आम्हाला एकदाही उशीर होऊ दिला नाही.

एका सोमवारी जेवण पोचवून परत येताना मागचं चाक जड वाटायला लागलं. पंक्चर असणार म्हणून नणंदेने गाडी सरळ माणिकपूरला तिच्या घराजवळच्या गॅरेजमध्ये नेली. गॅरेज म्हणजे मेकॅनिकच्या राहत्या घराचं अंगण. ते वसईतल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातले, साठी ओलांडलेले, मोजकं बोलणारे. सगळे त्यांना अंकल म्हणतात, आम्हीही. त्यांनी टायर उतरवला, रिमवरून तारेचा ब्रश फिरवला आणि हात थांबवला. मग म्हणाले, "इकडे या दोघी."

आम्ही वाकून बघितलं. टायर ज्या लोखंडी चक्रावर चढतो त्या रिमवर, नट लावायच्या एका भोकापासून निघून बाहेरच्या कडेकडे गेलेली एक बारीक काळी रेघ होती.

"ओरखडा आहे का?" नणंदेने विचारलं.

"तडा आहे. गंजाने पत्रा पातळ झालाय. हे खाऱ्या पाण्याचं काम."

मग त्यांनी एकेक करून बाकीची चाकंही उतरवली. एकाला तडा जायला सुरुवात झाली होती. दोन बरी दिसत होती, पण त्यावर त्यांनी पान्याने ठोकलं तेव्हा गंजाचे पापुद्रे जमिनीवर पडले. स्टेपनी त्यातल्या त्यात धड होती.

"पाचही रिम बदला," अंकल म्हणाले. "आता मी स्टेपनी लावून देतो. गाडी रिकामी चालवा, सावकाश, तीही फक्त चाकं शोधायला. जेवण भरून नाही. भरल्या गाडीत हे तुटलं तर टायरसकट चाक निघून जाईल."

"मग नवीन आणते उद्या," नणंद म्हणाली.

"कुठून आणाल? ही गाडी बनायची बंद झाली. कंपनीची मिळणं कठीण. दुसऱ्या गाडीची बघावी लागेल." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बघून घ्या मात्र. गोल सगळीच असतात."

दुसऱ्या दिवशी आम्ही जेवण दोन रिक्षांमधून पाठवलं आणि दुपारी तुळिंजच्या मोठ्या रस्त्यावरच्या टायरच्या दुकानात गेलो. भिंतभर चकचकीत अलॉयची चाकं टांगलेली. नणंदेचा चेहरा तिथेच खुलला. दुकानदार पस्तिशीचा, बोलायला गोड. त्याने आमच्या व्हॅनकडे बघितलं आणि क्षणभरही विचार न करता एक चाक खाली काढलं. त्याला चाराऐवजी आठ भोकं होती.

"मॅडम, हे बघा. या चार भोकांत नाही बसलं तर त्या चारांत बसतं. सगळ्या गाड्यांना चालतं. एकदम फिट."

सगळ्यांना चालतं, हे ऐकून माझ्या मनात कुठेतरी खटकलं. अठरा वर्षांत मी सगळ्यांना चालेल अशी कडी बघितली नव्हती. पण त्याला लावू दिलं. त्याने पुढचं डावं चाक काढलं आणि नवं लावायला घेतलं. ते लावताना मी बाजूला उकिडवी बसले होते. गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं, त्याला मध्ये एक गोल उंचवटा असतो, हब म्हणतात. आमचं जुनं चाक काढताना ते त्या उंचवट्यावरून अडत अडत निघालं होतं. या नव्या चाकाच्या मधलं भोक इतकं मोठं होतं, की हब त्यात एकटाच उभा होता, चारी बाजूंना फट.

"इथे मोकळं का आहे?"

"ते काही नाही मॅडम. नट आवळले की चाक कुठे जातंय?"

"पण मध्ये आधार नाही ना मग."

"रिंग टाकून देतो प्लास्टिकची. आणखी काय?"

"आता गाडी जॅकवरून उतरवा."

गाडी उतरली. नणंदेने दोन पावलं मागे जाऊन मोबाईलवर फोटो काढला. दिसत होती छानच, खोटं का बोलू. पण चाक पत्र्याच्या बाहेर बोटभर आलं होतं.

"आता गाडीत माणसं बसवा," मी म्हटलं.

दुकानदार हसला. "माणसं?"

"आमच्या गाडीत रोज नव्वद जणांचं जेवण असतं. रिकाम्या गाडीत चाक बघून काय उपयोग?"

नणंद माझा हात ओढत होती, पण मी स्टँडवरच्या दोन रिक्षावाल्यांना हाक मारली. ते मजा म्हणून आले. दुकानातले दोघे बसले, समोर शहाळी विकणारा भरदार माणूस कोयता ठेवून आला आणि बसला. नणंद स्टिअरिंगवर. गाडी खाली दबली. मी रस्त्यावर गुडघे टेकून बसले आणि म्हटलं, "पूर्ण डावीकडे वळव."

तिने वळवलं आणि टायर वरच्या पत्र्याला घासून असा आवाज आला, की आतल्या रिक्षावाल्याने आपणहून सांगितलं, "ताई, घासतंय हे."

"थोडं घासेल," दुकानदार म्हणाला. "चार दिवसांत आपोआप जागा करून घेईल."

मला आमच्या साहेबांची हातोडी आठवली. मी उठले, साडी झटकली आणि म्हटलं, "काढा. नको आम्हाला."

परतीच्या वाटेवर नणंदेने गियर जरा जोरातच टाकले. पुढचे तीन-चार दिवस आम्ही आणखी दुकानं फिरलो. एकाने पत्रा कापून देतो म्हटलं. एकाने चाक आणि हबच्या मध्ये चकत्या घालू म्हटलं. एक जण म्हणाला, गाडीच विकून टाका. प्रत्येक जण आधी "बसेल" म्हणायचा आणि मग चाकाकडे बघायचा. मी प्रत्येक ठिकाणी नाही म्हणून बाहेर पडत होते. माझ्या नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "मला चाकातलं कळत नाही. तुला कळतं. तू ठरव." त्याने ते सहज म्हटलं होतं, पण मी ते वाक्य दिवसभर मनात घोळवत राहिले.

शनिवारी रिक्षातला वरणाचा टोप कलंडला. अर्धं वरण रिक्षात आणि उरलेलं नणंदेच्या अंगावर. ती तशीच पिवळी झालेली स्वयंपाकघरात आली आणि ओढणी बादलीत टाकून माझ्यावर बरसली.

"वहिनी, तू चाक बघतेयस की जावई? हे नको, ते नको! आज निम्म्या लोकांनी कोरडा भात खाल्ला. सगळं जग ती चाकं लावून फिरतंय, एक तुझीच गाडी वेगळी का?"

मलाही राग आला. पण जे तोंडातून आलं ते रागाचं नव्हतं. मी म्हटलं, "त्या गाडीत पुढे कोण बसतं? तुझ्या सीटच्या खाली चाक असतं. ते सुटलं तर मला कळायच्या आत तुला लागेल. मी नको म्हणते ते त्यासाठी."

ती बादलीकडे वळली. नळ सोडून बराच वेळ ओढणी चोळत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "मग काय करायचंय ते लवकर कर. नुसतं नाही नाही म्हणून चाक मिळणार नाही."

ती बरोबर होती. मला काय नको ते कळत होतं, पण काय हवं ते मी अजून कागदावर उतरवलंच नव्हतं. त्या संध्याकाळी मी कपाट उघडलं आणि साड्यांखालचा व्हर्नियर काढला. तेलाचा हात दिलेल्या फडक्यात गुंडाळलेला होता, तसाच स्वच्छ. दोन्ही जबडे मिटवून खिडकीशी धरला. मधून उजेड येत नव्हता. म्हणजे अजून खरा होता.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून अंकल घरी आले तेव्हा मी त्यांच्या अंगणात बसलेच होते. त्यातल्या त्यात धड असलेली रिम त्यांनी मला काढून दिली. मी आधी ती घासून लख्ख केली, कारण गंजावरून घेतलेलं माप हे गंजाचं माप असतं. मग मोजायला लागले. समोरासमोरच्या दोन नटांच्या भोकांमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत. भोकाचा मध्य कुठे दिसतो? म्हणून एका भोकाच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या भोकाच्या आतल्या कडेपर्यंत मोजायचं, ते तितकंच येतं. एकशे चौदा मिलिमीटर आणि वर थोडं. मधलं भोक साठ. मग रिम पालथी घातली, तिच्या कडांवर एक सरळ पट्टी आडवी ठेवली आणि व्हर्नियरच्या शेपटीसारख्या पातळ पट्टीने खोली घेतली. चाक हबला जिथे टेकतं ती जागा कडेपासून किती आत आहे ते यावरून कळतं. ब्याण्णव. तुळिंजच्या चकचकीत चाकाची हीच जागा चुकली होती, म्हणून ते बाहेर येत होतं. शेवटी रुंदी, आणि नट बसतो त्या खळग्याचा उतार.

अंकल जेवायला आत गेले, जेवून बाहेर आले, तरी मी मोजतच होते. त्यांनी माझ्या कागदाकडे पाहिलं.

"प्रत्येक माप तीनदा का लिहिलंय?"

"तीनदा घेतलं म्हणून. तिन्ही सारखी आली तरच खरं."

ते आत गेले. एक खुर्ची आणून त्यांनी माझ्याजवळ ठेवली. तोवर मी एका जुन्या टायरवर बसले होते.

सोमवारी जेवण पाठवून आम्ही दोघी नायगावला, हायवेकडे जाताना लागणाऱ्या एका भंगाराच्या वखारीत गेलो. तिथे जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात, असं अंकलनी सांगितलं होतं. मालक गाडीच्या एका उखडलेल्या सीटवर पाय सोडून बसला होता. मागे रिमचे ढीगच्या ढीग.

"कुठल्या गाडीची पाहिजे?"

"गाडीचं नाव राहू दे. मी मोजून घेते."

तो हसला आणि हाताने ढीग दाखवला. मी पदर खोचला, व्हर्नियर काढला आणि पहिल्या ढिगाशी बसले. नणंद एकेक रिम ओढून द्यायची, मी मोजायची. बहुतेकांच्या भोकांमधलं अंतर शंभर निघालं. ती एका क्षणात बाजूला. काहींचं अंतर बरोबर, पण मधलं भोक लहान. हबवर चढलीच नसती. काही दोन्ही बाबतींत बरोबर, पण खोली ऐंशी. म्हणजे पुन्हा चाक बाहेर. तासाभरात माझे हात कोपरापर्यंत काळे झाले.

मालक केव्हा उठून आमच्यामागे येऊन उभा राहिला ते कळलं नाही. आधी तो नुसता बघत होता. मग त्याने विचारलं, "यात काय चुकलं?" मी दाखवलं. मग पुढची रिम त्यानेच उचलली, भोकांकडे डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाला, "हे शंभरवालं दिसतंय. नको." आणि स्वतःच फेकून दिली. मी मोजून बघितलं, शंभरच होतं. तो असा खूश झाला, की त्याने चहा सांगितला.

चहा पिताना त्याला काहीतरी आठवलं. वखारीच्या टोकाला पत्र्याच्या छपराखाली त्याने सात रिम वेगळ्या ठेवल्या होत्या. आमच्या व्हॅनच्याच घराण्यातली, पण नंतर आलेली, सामान वाहणारी गाडी होती म्हणे ती. दोन गाड्या एकदम भंगारात आल्या होत्या.

मी पहिली घेतली. अंतर एकशे चौदा आणि वर थोडं. मधलं भोक साठ. पालथी केली, पट्टी ठेवली, शेपटी खाली सोडली.

"किती?" नणंदेने विचारलं.

मी खाली वाकले. पट्टी उचलून पुन्हा ठेवली. पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा.

"वहिनी, किती आलं?"

"ब्याण्णव."

ती इतक्या जोरात ओरडली, की वखारीतलं कुत्रं भुंकायला लागलं.

पण अजून संपलं नव्हतं. माप बरोबर असलेली रिम वाकलेलीही असू शकते. वखारीत एक सुटा आस उभा करून ठेवलेला होता, चाकं ज्यावर फिरतात तो दांडा. त्यावर एकेक रिम चढवायला लावली. मालक ती हाताने फिरवायचा आणि मी कडेच्या अगदी जवळ खडू धरून बसायची. रिम सरळ असेल तर खडू एकतर कुठेच लागत नाही, नाहीतर सगळीकडे सारखा लागतो. एका जागीच रेघ उमटली, की ती वाकडी. सातांतल्या दोन वाकड्या निघाल्या. पाच सरळ. आम्हाला पाचच हव्या होत्या.

मालक म्हणाला, "बाई, तुम्ही माझ्याकडे कामाला या." थट्टेने म्हणाला खरा. पण नोकरी गेल्यापासून मला पहिल्यांदाच कुणी कामाला या म्हटलं होतं.

दोन दिवस त्या रिम घासण्यात आणि रंगवण्यात गेले. चंदेरी रंग नणंदेने निवडला. चकचकीत चाकं सोडल्याची भरपाई म्हणे. टायर चढवून, चाकं फिरताना थरथरू नयेत म्हणून त्यांचं वजन सगळीकडे सारखं करून घेऊन आम्ही अंकलच्या अंगणात गेलो. पहिलं चाक त्यांनी स्वतः उचललं आणि हबला लावलं. ते लगेच गेलं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी सरळ दाबलं आणि ते टक् असा आवाज करून आत जाऊन बसलं. अजून एकही नट लावलेला नव्हता. अंकलनी हात सोडले. चाक जागच्या जागी राहिलं.

"आता बघा," ते म्हणाले आणि नट हातानेच फिरवत नेले. पाना लागला तो फक्त शेवटी आवळायला.

मग परीक्षा. या वेळी माणसं गोळा केली नाहीत. आम्ही आमचेच सगळे टोप नळाच्या पाण्याने काठोकाठ भरले, झाकणं बांधली आणि गाडीत चढवले. रोजच्यापेक्षा वजन जास्तच झालं. नणंदेने अंगणातच स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवलं. मी जमिनीला कान लावायचा तेवढा बाकी ठेवला होता. काही नाही. टायर आणि पत्रा यांच्यामध्ये माझी तीन बोटं सहज जात होती. मग ती, मी आणि अंकल अशी तिघं नायगावपर्यंत जाऊन आलो. खड्डे होते, उंचवटे होते, एका ठिकाणी रिक्षा आडवी आली म्हणून करकचून ब्रेकही मारावा लागला. मागे पाणी डचमळलं, पण गाडी सरळ उभी राहिली. परत आल्यावर अंकलनी उतरून चारही चाकांना हात लावून बघितला, कुठे गरम तर झालं नाही ना. मग सगळे नट पुन्हा एकदा आवळले. एकही ढिला झालेला नव्हता.

"बाई," ते म्हणाले, "चाळीस वर्षं मी चाकं लावतोय. अंदाजाने लावली. देवाच्या दयेने कुणाला काही झालं नाही. पण तो तुमचा कागद मला द्या."

मी कागद दिला. त्यांनी तो आत नेऊन येशूच्या तसबिरीखाली, जिथे ते दिव्याची बिलं लावतात, तिथल्या खिळ्याला अडकवला.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला व्हॅन भरली. पहिल्याच गाळ्यापाशी माणसं बाहेर येऊन उभी होती. "आली का गाडी?" नणंद उतरली आणि जेवण वाढायच्या आधी तिने चाकांची गोष्ट सुरू केली. मी वाढत होते, ती सांगत होती. तुळिंजच्या दुकानासमोरचा शहाळीवाला तिच्या गोष्टीत दुप्पट जाडा झाला होता आणि वखारीत मी मोजलेल्या रिमचा आकडा दोनशेवर गेला होता. "एवढ्या नव्हत्या गं," मी म्हटलं, तर म्हणाली, "तू वाढ. गोष्ट मी सांगतेय." आठवड्याभरापूर्वी हीच माझ्यावर ओरडली होती. आता प्रत्येक गाळ्यात ती चाकाच्या आत वाकून लोकांना हब दाखवत होती.

पंधरा-वीस दिवसांनी अंकलचा फोन आला. "बाई, जरा येऊन जाता का? एक जण आलाय, तुमच्यासारखीच जुनी गाडी आहे त्याची."

मी चपात्या लाटत होते. तशीच पीठ लागलेल्या हातांनी निघाले. अंगणात एक बागायतदार उभे होते, अर्नाळ्याकडचे, केळ्यांची गाडी होती त्यांची. सोबत चार रिम आणल्या होत्या. मला बघून त्यांनी अंकलना विचारलं, "मेकॅनिक कुठे आहे?"

"मेकॅनिक मी आहे. मोजतील त्या," अंकल म्हणाले.

बागायतदारांना ते पटलं नसावं, पण थांबले. मी हात धुतले, बसले, मोजलं. अंतर बरोबर होतं. मधलं भोक बरोबर होतं. खोली चौदा मिलिमीटरने चुकली होती.

"नाही बसणार," मी म्हटलं.

"दुकानदार तर बसेल म्हणाला. लावून तर बघा. नट आत जातात की!"

"नट जातील. केळी भरलीत की चाक पत्र्याला घासेल."

ते अंकलकडे वळले. "तुम्ही काय म्हणता?"

अंकलनी हातातला पाना खाली ठेवला. "त्या नाही म्हणाल्या ना? मग मी लावणार नाही."

बागायतदारांनी एकदा रिमकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं, मग कुठली बसेल ते तरी लिहून द्या." मी मापं लिहून दिली, कशी मोजायची तेही दाखवलं. त्यांनी ती चारही चाकं परत गाडीत टाकली आणि गेले. मला वाटलं, गेले ते गेले.

महिन्याभराने एका सकाळी आमच्या तुळिंजच्या खोलीबाहेर हॉर्न वाजला. मी आत भाजीला फोडणी घालत होते. बाहेर नणंद डबे पुसत होती. मला त्या बागायतदारांचा आवाज ऐकू आला. त्यांनी आमचं नाव विचारलं नाही, जेवणाचं विचारलं नाही.

"त्या मोजणाऱ्या बाई इथेच असतात ना? त्यांना म्हणावं, चाकं बसली. भरून विरारच्या बाजारापर्यंत जाऊन आलो."

"वहिनी!" नणंदेने आत हाक दिली, अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी. "मोजणाऱ्या बाईंना बोलावतायत!"

मी गॅस बारीक केला आणि बाहेर गेले. त्यांनी केळ्यांचा एक घड ओट्यावर ठेवला होता आणि ते मला त्यांच्या गाडीकडे बोलवत होते. मी वाकले, चाक आणि पत्रा यांच्यामध्ये बोटं घालून बघितली. तीन बोटं सहज जात होती.